खाणी संपल्या, गाव कंगाल झालं. मग या माणसाने गावातल्या पोरांना घड्याळं बनवायला शिकवलं

विरार लोकल पकडणाऱ्याला एका मिनिटाची किंमत वेगळी सांगायला लागत नाही. 1867 साली विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली, त्या काळात जर्मनीतल्या सॅक्सनीत एक माणूस घड्याळं बनवणारं अख्खं गाव उभं करत होता.

फर्डिनांड अॅडॉल्फ लांगे. जन्म 1815, ड्रेस्डेनचा.

दरबाराचे घड्याळजी गुटकेस यांच्याकडे तो काम शिकला, मग पॅरिसला जाऊन हात आणखी साफ केला. परत आला तेव्हा गुटकेस ड्रेस्डेनच्या ऑपेरा हाऊससाठी एक अजब घड्याळ करत होते. त्याला काटेच नव्हते, दोन खिडक्यांत मोठे आकडे दिसायचे आणि दर पाच मिनिटांनी बदलायचे. लांगेने त्यात हात लावला. पुढे गुटकेस यांच्या मुलीशी, अंतोनियाशी लग्नही केलं.

सासऱ्याच्या दुकानात आयुष्य आरामात गेलं असतं. पण लांगेने निवडलं ग्लासहुटे. चांदीच्या खाणी आटलेलं, हाताला काम नसलेलं डोंगरातलं गाव. सरकारकडून 7,820 थालर कर्ज काढलं आणि 7 डिसेंबर 1845 ला कारखाना सुरू केला. सोबत होती 15 शिकाऊ पोरं.

खरी डोक्यालिटी पुढे आहे. प्रत्येकाला संपूर्ण घड्याळ शिकवण्याऐवजी त्याने कामं वाटली. कुणी स्क्रू, कुणी चाकं, कुणी काटे. हात बसला की त्या पोराने स्वतःचं दुकान टाकावं, यालाही त्याचा पाठिंबा. स्वतःचे स्पर्धक तयार करणारा मालक विरळाच! मोजमापासाठी जुनी फ्रेंच 'लाईन' सोडून त्याने मिलिमीटर आणला. 1864 मध्ये बरीचशी चाकं एकाच मोठ्या पट्टीखाली बसवली, त्यामुळे ती जागची हलेनात. वर 18 वर्षं गावचा महापौरही तोच.

1875 मध्ये लांगे गेला. मुलांनी कंपनी सांभाळली, नाव 'ए. लांगे अँड झोने', म्हणजे लांगे आणि मुलगे.

मे 1945 मध्ये युद्ध संपता संपता कारखान्यावर बॉम्ब पडले. 1948 मध्ये पूर्व जर्मनीत उरलंसुरलं सरकारजमा झालं आणि पणतू वॉल्टर पश्चिमेकडे पळाला. बर्लिनची भिंत पडल्यावर तो परतला. 7 डिसेंबर 1990 ला, म्हणजे बरोबर 145 वर्षांनी, त्याने कंपनी पुन्हा नोंदवली. तेव्हा त्याचं वय होतं 66.

1994 मध्ये आलेल्या 'लांगे 1' या मनगटी घड्याळात तारीख दोन खिडक्यांत, मोठ्या आकड्यांत दिसते. ती कल्पना ऑपेरा हाऊसच्या त्याच घड्याळातून घेतलेली.