करंट लागला की झिणझिण्या का येतात? एडगर अ‍ॅड्रियन यांची गोष्ट

बारामती-इंदापूर भागात, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, रात्रीची लाईट आली की उसाला पाणी द्यायला जावं लागतं. ओल्या हाताने स्टार्टर दाबला आणि करंट उतरलेला असला तर काय होतं, हे तिथल्या पोरांना सांगायला नको. दुसरीकडे, कंबर धरली म्हणून आजोबा फिजिओथेरपीला गेले की तिथे पॅच लावून मुद्दाम बारीक करंट देतात आणि त्यांना बरं वाटतं. दोन्हीकडे वीजच, मग एवढा फरक का? याचं उत्तर समजायला एका माणसाची गोष्ट माहिती हवी. त्यांचं नाव एडगर अ‍ॅड्रियन.

गुरू गेला, युद्ध आलं

अ‍ॅड्रियन यांचा जन्म 1889 मध्ये लंडनमध्ये झाला. केंब्रिजला शिकताना त्यांना कीथ लुकास हे गुरू भेटले. आपल्या नसा, म्हणजे मज्जातंतू, विजेच्या छोट्या ठोक्यांनी निरोप पाठवतात, एवढं तेव्हा माहीत होतं. पण हळू स्पर्श आणि जोरात चिमटा यातला फरक नस कसा कळवते? त्यासाठी मोठा ठोका पाठवते का? दोघे याच प्रश्नामागे लागले होते.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. अ‍ॅड्रियन डॉक्टर झाले आणि सैनिकांवर उपचार करू लागले. 1916 मध्ये लुकास विमान अपघातात गेले. त्या काळात युद्धाच्या धक्क्याने काहींची वाचा गेली होती, काहींचे हातपाय हलत नव्हते. अशा सैनिकांना त्वचेवर विजेचे चटके देऊन बरं करायचा प्रयत्न व्हायचा. तो त्रासदायक होता, आणि अ‍ॅड्रियन यांनीही तो केला. 1917 मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर त्यावर लेखही लिहिला. पण युद्ध संपल्यावर ती वाट त्यांनी सोडली आणि केंब्रिजला परत येऊन गुरूचं अर्धवट काम हातात घेतलं.

लटकलेला स्नायू

नसेतला ठोका इतका बारीक असतो की तेव्हाच्या यंत्रांना तो धड दिसायचाच नाही. अ‍ॅड्रियन यांनी रेडिओमधल्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. 1925 मध्ये बेडकाच्या स्नायूवर तो तपासताना रीडिंग सारखं हलत होतं. यंत्रात बिघाड असेल असं त्यांना वाटलं. पण स्नायू काचेवर ठेवला की सगळं शांत, लटकवला की परत सुरू! लटकल्यामुळे स्नायू ताणला जात होता आणि त्याच्या नसा तो ताण कळवत होत्या. बिघाड वाटला तोच खरा सिग्नल निघाला.

पुढच्याच वर्षी स्वीडनच्या इंग्वे झॉटरमन यांच्यासोबत त्यांनी एकट्या संवेदी तंतूचे ठोके नोंदवले. उत्तर सोपं निघालं. त्या तंतूचा प्रत्येक ठोका जवळपास सारखाच असतो. जोर वाढला की ठोका मोठा होत नाही, सेकंदाला ठोक्यांची संख्या वाढते. दाब तसाच राहिला तर ठोके हळूहळू कमी होतात. म्हणूनच मनगटावरचं घड्याळ थोड्या वेळाने जाणवत नाही. या कामासाठी 1932 चं नोबेल त्यांना चार्ल्स शेरिंग्टन यांच्यासोबत मिळालं.

मग झिणझिण्यांचं काय?

स्पर्श झाला की त्वचेतला सेन्सर आधी दाब ओळखतो, मग तंतूत ठोका सुरू होतो. बाहेरचा करंट सेन्सरला वगळून थेट तंतूलाच जागं करतो. तंतूच्या आत-बाहेर व्होल्टेजचा छोटा फरक असतो. करंटने तो ठरावीक हद्दीपर्यंत कमी केला की सोडियमचे दरवाजे उघडतात आणि ठोका पळत सुटतो. मेंदूला वाटतं, काहीतरी टेकलं! असे अनेक तंतू एकदम बोलू लागले की त्याच झिणझिण्या.

स्पर्शाचे तंतू जाड असतात आणि त्यांना कमी करंट पुरतो. वेदनेचे तंतू बारीक, त्यांना जास्त लागतो. फिजिओथेरपीचं टेन्स मशीन करंट मोजून देतं, म्हणून मुख्यतः स्पर्शाचेच तंतू जागे होतात. त्यांच्या निरोपांमुळे मणक्यातच वेदनेचा निरोप दबतो.

स्टार्टरच्या करंटला असं मोजमाप नाही. हात ओला असला की त्वचेचा अडथळा घटतो आणि करंट वाढतो. साधारण 1 मिलिअँपिअरला झिणझिण्या येतात. 10 च्या पुढे स्नायू आवळून हात सुटत नाही, आणि 50 ते 100 हृदयातून गेला तर जीव जाऊ शकतो.

अ‍ॅड्रियन 1977 मध्ये वारले. त्यांची गोष्ट वाचून एवढं लक्षात ठेवा: झिणझिण्या म्हणजे करंट तुमच्या नसांपर्यंत पोचल्याची खबर आहे. स्टार्टरला जरा जरी जाणवल्या तरी दुर्लक्ष करू नका. मेन स्विच बंद करा, वायरमनला बोलावा आणि अर्थिंग तपासून घ्या. घरच्या लाईटवर असलं मशीन बनवायचा प्रयोग तर चुकूनही नको. आणि आजोबांना पेसमेकर बसवलेला असेल, तर पॅच लावण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा.