अंगणात भरलेली शाळा : कै. ताराबाई मोडक

रायपूरच्या कोणत्याही वस्तीत अंगणवाडी कोठे आहे असे विचारले, तर लहान मूलही बोट दाखवील. हा शब्द मराठी शिक्षिकांच्या तपश्चर्येतून आला आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांतील अग्रणी ताराबाई मोडक यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर काही वर्षे त्यांचे वास्तव्य अमरावतीस होते. अमरावती व रायपूर यांचा कारभार त्या काळी नागपुराहूनच चाले. त्या नात्याने त्या आपल्याला परक्या नव्हेत. पुढे संसार विस्कटला. राजकोटास अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणकार्यात सामील झाल्या. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला.

नावलौकिक मिळाला, तरी खेड्यातील गरिबाचे मूल दूरच राहिले, ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ च्या अखेरीस, पन्नाशी उलटल्यावर, त्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातील मुले येईनात. आईबाप मजुरीस जात, मोठे मूल धाकट्यास सांभाळी, आणि शाळेची पायरी आपल्यासाठी नाही ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आड येई. तेव्हा शाळाच वाड्यात नेण्याचे ठरले. शिक्षिका घरोघरी जात, मुलांना न्हाऊ घालीत, वेणीफणी करीत आणि तेथल्याच अंगणात गाणी-गोष्टी चालत. महागड्या साधनांची जागा शिंपल्यांनी, बियांनी आणि पानांनी घेतली. हे सारे घरच्यांच्या डोळ्यांदेखत चाले, म्हणूनच विश्वास जडला.

१९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले. मुले गुरे राखीत, तर शाळा कुरणात भरू लागली. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर निघाले. तेच पुढे बालवाडी व प्राथमिक शाळेशी एका आवारात जोडले गेले.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र शासनाच्या बालविकास योजनेची केंद्रे ‘अंगणवाडी’ याच नावाने देशभर उघडू लागली.

आपली मुले हिंदी वा इंग्रजी शाळांत शिकतात. मराठीचे वर्ग घरातच भरतात. शिक्षकांची व आपली गाठ बहुधा प्रगतिपुस्तकाच्या दिवशीच पडते. त्यांना एकदा सणावारी घरी जेवावयास बोलवावे. आपल्या मुलाचे बोलणे कोणत्या घरातून येते, हे त्यांना उमगेल. आणि जी मराठी कुटुंबे मंडळात यावयाची थांबली आहेत, त्यांची वाट पाहत न बसता आपण त्यांच्या दारी जावे. पुढील पन्नास वर्षे मंडळात मराठी ऐकू यावी असे वाटत असेल, तर ताराबाईंचा हा धडा आपण गिरवलाच पाहिजे.