मलबार हिलवरची संध्याकाळ : तुकोजीराव होळकर (तिसरे) यांची कहाणी, डॉक्टरच्या नजरेतून

जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झाल्यापासून माझ्या ओपीडीत होळकरांचा विषय वरचेवर निघतो. जामखेडकडून येणाऱ्या रुग्णांना चौंडीचा अभिमान असतो आणि तो रास्तच आहे. अहिल्यादेवींचा जन्म तिथला, १७२५ सालचा. त्यांच्या निधनानंतर सुमारे शंभर वर्षांनी त्याच गादीवर बसलेल्या एका राजाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. त्यांच्या कहाणीत हिरे आहेत, मोटारी आहेत, खूनही आहे. आणि मला डॉक्टर म्हणून बोलायला लावणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत.

तुकोजीराव तिसरे यांचा जन्म १८९० चा. वडील शिवाजीराव लहरी स्वभावासाठी प्रसिद्ध होते आणि १९०३ मध्ये त्यांना गादी सोडावी लागली. (शंभर वर्षांनी, रुग्ण न पाहता निदान करण्याचा मोह मी टाळतो.) बारा वर्षांचा मुलगा राजा झाला. अजमेरच्या मेयो कॉलेजात शिक्षण झालं आणि १९११ मध्ये पूर्ण अधिकार हाती आले. पैशाची ददात नव्हती. १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून त्यांनी नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले, प्रत्येकी सुमारे ४७ कॅरटचे. ते आजही इंदूर पेअर्स म्हणून ओळखले जातात.

दरबारात मुमताज बेगम नावाची नर्तकी होती. अगदी कोवळ्या वयात ती तिथे आली आणि महाराजांच्या मर्जीतली झाली. त्यांच्याबरोबर ती इंग्लंडलाही जाऊन आली. दागिने, नोकरचाकर, सगळं होतं. बाहेर पडण्याची मोकळीक तेवढी नव्हती. तिला मुलगी झाली. त्या बाळाला जन्मतःच मारण्यात आलं, असा आरोप तिने पुढे कोर्टात केला. मसुरीच्या प्रवासात दिल्लीला तिने पुढे जायला नकार दिला आणि माहेरच्या माणसांकडे अमृतसरला गेली. तिला परत आणण्याचे प्रयत्न थांबले नाहीत. शेवटी ती मुंबईत अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याच्या आश्रयाला आली.

इथे मी जरा थांबतो. छळ होत असेल तर ती निघून का जात नाही, असं नातेवाईक मला नेहमी विचारतात. निघून गेल्यावर धोका संपत नाही. पुष्कळदा तो तेव्हाच सर्वांत जास्त असतो, कारण समोरच्याचा ताबा सुटलेला असतो. म्हणून बहीण किंवा मुलगी घर सोडून आली, तर पुढचे काही महिने तिला एकटं पाठवू नका. धमक्यांचे मेसेज पुसू नका. जखम झाली असेल तर डॉक्टरांना खरं कारण सांगा. पायरीवरून पडले असं सांगितलं, तर कागदावर तेच जातं. महिला हेल्पलाइन १८१ आहे, तातडीसाठी ११२. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यानुसार अशा स्त्रीला वैद्यकीय मदत देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे.

१२ जानेवारी १९२५. संध्याकाळी बावला, मुमताज आणि बावला यांचे मॅनेजर मोटारीतून मलबार हिलवर फिरायला गेले होते. मागून दुसरी मोटार आली, धडकली आणि आतली माणसं उतरली. बावला यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले आणि तिला ओढून न्यायला सुरुवात झाली. त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे पोहोचले. लेफ्टनंट सेगर्ट यांनी हातातल्या गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना झोडपलं. त्यांनाही गोळी लागली, पण हल्लेखोर जागीच पकडला गेला आणि मुमताज वाचली. जखमींना रुग्णालयात नेलं. बावला मात्र वाचले नाहीत.

चेहऱ्यावरची जखम आणि गोळीची जखम यांत मोठा फरक असतो. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणून तिथली जखम खूप वाहते, बघणारा घाबरतो, पण ती सहसा लवकर भरते. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि त्याच दिवशी टाके घालायला या. हळद, कॉफी, चुना चेपू नका; ते साफ करण्यातच आमचा वेळ जातो आणि व्रणही वाईट राहतो. गोळीचं उलटं आहे. बाहेर लहानसं भोक आणि आत पोटात किंवा छातीत रक्त साचत असतं. माणूस बोलतोय म्हणून निर्धास्त राहू नका. अशा जखमीला पाणी किंवा चहा पाजू नका, कारण भूल द्यावी लागू शकते. सरळ १०८ ला फोन करा. रस्त्यावरच्या अपघातातही हेच करायचं. आपल्या पुणे किंवा मनमाड रस्त्यावर थांबायला लोक पोलिसांच्या भीतीने कचरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देतो. आपलं नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर नाही.

तपासाचे धागे इंदूरपर्यंत गेले. मुंबई हायकोर्टात खटला चालला. आरोपींमध्ये संस्थानचे वरिष्ठ अधिकारी सरदार आनंदराव फणसे होते आणि त्यांचा बचाव बॅरिस्टर जीना यांनी केला. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, फणसेंसह काहींना जन्मठेप. तुकोजीराव स्वतः आरोपी नव्हते आणि त्यांच्यावर काहीही सिद्ध झालं नाही. पण चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा गादी सोडा, असे दोनच पर्याय सरकारने ठेवले. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलगा यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली.

वय तेव्हा पस्तीस. १९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. त्याआधी तिने नाशिकला हिंदू धर्म स्वीकारून शर्मिष्ठा हे नाव घेतलं होतं. वर्तमानपत्रांना नवा विषय मिळाला. मोटारींचा शौक पुढच्या पिढीत आणखी वाढला : यशवंतरावांच्या ताफ्यात ड्युसेनबर्ग, बुगाटी, अल्फा रोमिओ होत्या, आणि ते दोन हिरे १९४६ मध्ये अमेरिकेच्या हॅरी विन्स्टनकडे गेले. यशवंतराव १९६१ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी वारले. वडील त्यांच्यामागे सतरा वर्षं जगले आणि १९७८ मध्ये पॅरिसला, ८७ व्या वर्षी गेले.

इंदूरला कधी रुग्ण घेऊन गेलात तर दोन नावं कानावर पडतील. एमवाय म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय. आणि एमटीएच म्हणजे महाराजा तुकोजीराव रुग्णालय. हे दुसरं स्त्रियांचं आहे, तिथे बाळंतपणं होतात.