अनुमोदक

सूचक अमुक, अनुमोदक तमुक. बँकेतल्या नोकरीत पतपेढीच्या वार्षिक सभांना मी किती वेळा अनुमोदक झाले असेन, त्याचा हिशेब नाही. ताळेबंद वाचलेला नसायचा, चहाची वेळ झालेली असायची, शेजारीण कोपरानं ढोसायची आणि माझा हात वर जायचा. अनुमोदनाला काही किंमत मोजावी लागते, हे मला जेन ॲडम्स या अमेरिकन बाईंचं चरित्र वाचताना कळलं. तोवर निवृत्ती जवळ आली होती!

ऑगस्ट १९१२. शिकागोच्या कोलिझियम सभागृहात नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडून पुन्हा निवडणुकीला उभे राहत होते. त्यांच्या उमेदवारीला अनुमोदन द्यायला जेनबाई व्यासपीठावर आल्या आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं. बाई तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या. गंमत अशी, की ज्याला त्या राष्ट्राध्यक्ष करू पाहत होत्या, त्याला मत द्यायचा हक्क त्यांना नव्हता. त्यांच्या इलिनॉय राज्यात बायकांना राष्ट्राध्यक्षासाठी मतदान करता आलं ते १९१३ च्या कायद्यानंतर.

मग टाळ्या कशासाठी? त्यामागे तेवीस वर्षांचं काम होतं. १८८९ साली त्यांनी एलन स्टार या मैत्रिणीबरोबर शिकागोच्या गरीब वस्तीत 'हल हाऊस' सुरू केलं. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, रशियन ज्यू अशी परदेशातून पोटासाठी आलेली माणसं. बाई त्यांच्यातच राहायला गेल्या. पाळणाघर, वर्ग, दवापाणी, सगळं त्या घरातून चालायचं. कचरा उचलला जात नाही म्हणून त्यांनी १८९५ मध्ये वॉर्डाच्या कचरा निरीक्षकाची नेमणूकच मिळवली आणि भल्या पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे हिंडू लागल्या. श्रीमंत गिरणीमालकाची ही लेक!

रूझवेल्टांच्या जाहीरनाम्यात बालमजुरीवर बंदी होती, स्त्रियांना मताधिकार होता, स्त्री कामगारांना किमान वेतन होतं, आजारपणाचा आणि म्हातारपणाचा विमा होता. हल हाऊसच्या जेवणाच्या टेबलावर वर्षानुवर्षं ज्याचा खल झाला, ते सगळं एका पक्षाच्या कागदावर आलं होतं. पण त्याच कागदावर आणखी एक कलम होतं. दरवर्षी दोन नव्या युद्धनौका बांधायच्या. बाई तर युद्धाच्या कट्टर विरोधक. शांततेवर त्यांनी पुस्तक लिहिलेलं.

आणि दुसरी गोष्ट त्याहून बोचरी. दक्षिणेतल्या काही राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना अधिवेशनात बसू दिलं नाही. दक्षिणेतल्या गोऱ्यांची मतं हवी होती, हे त्यामागचं गणित. बाईंनी पक्षाच्या समितीपुढे जाऊन त्यांची बाजू मांडली, ती फेटाळली गेली. वंशसमानतेचं कलमही जाहीरनाम्यात आलं नाही. गुलामगिरीविरुद्ध उभे राहिलेले आपले वडील अशा अधिवेशनात थांबले असते का, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि पुढे तो लेखातही लिहिला. पण त्या थांबल्या. अनुमोदन दिलं, प्रचाराला गावोगाव हिंडल्या.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. अनेक वर्षांपूर्वी आमच्या पगारवाढीच्या निवेदनातून हंगामी शिपायांचं कलम वगळायचं ठरलं. तेवढं सोडलं तर बाकीचं पदरात पडेल, असं पुढाऱ्यांनी सांगितलं. मी सही केली. बाकीचं पदरात पडलंही. पण मी त्यावर लेख लिहिला नव्हता, समितीपुढे तर गेलेच नव्हते.

बाईंच्या पदरात तर तेही पडलं नाही. रूझवेल्टांना एक्केचाळीस लाखांवर मतं आणि ८८ निर्वाचक मतं मिळाली, पण विल्सन ४३५ घेऊन निवडून आले. १९१५ मध्ये युद्ध पेटलेल्या युरोपात, हेगला, हजारावर बायकांची शांतता परिषद भरली. अध्यक्षपदी जेनबाई. त्या प्रयत्नाची जाहीर टिंगल करणाऱ्यांत कोण होते? तेच रूझवेल्ट! १९१६ मध्ये बाईंनी विल्सनना पाठिंबा दिला, तर पुढच्याच वर्षी त्यांनी देश युद्धात उतरवला. बाईंनी विरोध सोडला नाही. कालपर्यंत ज्यांना संत म्हणत, त्यांना आता देशद्रोही म्हणू लागले.

१९२३ मध्ये त्या भारतात येऊन गेल्या. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. भेट झाली नाही. १९२४ साली पुन्हा एक प्रोग्रेसिव्ह उमेदवार उभा राहिला, रॉबर्ट ला फॉलेट. १९१७ मध्ये सिनेटमध्ये युद्धाविरुद्ध मत देणाऱ्या मोजक्या सहांपैकी एक. बाई त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. या खेपेला युद्धनौका गिळायच्या नव्हत्या. मतं अठ्ठेचाळीस लाख आणि राज्य एकच, विस्कॉन्सिन.

१९३१ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. समारंभाच्या दिवशी त्या बाल्टिमोरच्या रुग्णालयात होत्या. पैसे त्यांनी महिलांच्या आंतरराष्ट्रीय शांतता संघटनेला देऊन टाकले. बक्षीस मात्र अर्धंच होतं. दुसरं अर्धं गेलं निकोलस मरे बटलर यांना. १९१२ च्या त्या निवडणुकीत रूझवेल्टांच्या विरोधातल्या टाफ्ट यांच्या बाजूनं उपराष्ट्राध्यक्षपदाची आठ निर्वाचक मतं मिळवणारे गृहस्थ ते हेच.