बटाट्यात सापडलेलं सायटोक्रोम : कमला सोहोनी

मी सौसरची, रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. सध्या अभ्यासाला व्हॅनेडियमचे कॉम्प्लेक्स आहेत. काही समुद्री शैवालांत व्हॅनेडियम असलेलं एन्झाइम असतं. ते हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ब्रोमाइडचं ऑक्सिडेशन करतं. त्याची नक्कल करणारे छोटे कॉम्प्लेक्स प्रयोगशाळेत बनवतात. पण नक्कल करायची तर आधी अस्सल काय आहे ते कळायला हवं ना! सजीवांतलं हे ऑक्सिडेशन उलगडणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या, डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या त्या भागवत. जन्म आपल्या मध्य प्रदेशातला, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. साहजिकच 1933 साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. गुण उत्तम होते, तरी प्रवेश नाकारला गेला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन, आणि नकाराचं कारण एकच : अर्जदार मुलगी आहे!

त्या गप्प बसल्या नाहीत. थेट बंगळूरला गेल्या, रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव नाही, काम पसंत पडलं तरच पुढे, आणि तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. पण वर्षभर त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर असं काम केलं, की रामन यांचं मत बदललं आणि संस्थेची दारं मुलींना उघडली.

पुढे केंब्रिज. तिथे हॉपकिन्स यांच्या विभागात काम करताना बटाट्यावरच्या प्रयोगांतून त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. हे लोह असलेलं प्रथिन. त्यातलं लोह इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढे देतं; पेशीचा श्वास त्यावर चालतो. व्हॅनेडियमचं एन्झाइम वेगळं, त्याचं काम वेगळं; पण मोठ्या प्रथिनात बसलेला एवढासा धातू किती करतो, हे दोन्हीकडे दिसतं. 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा!

तिकडेच राहता आलं असतं, पण त्या परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. 1947 मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. इथे त्यांनी गरिबाच्या ताटाकडे पाहिलं : डाळी, तांदळाचं पीठ, ताडाची नीरा. नीरेवरच्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. ज्यांना कधी दारात अडवलं होतं, त्याच आता एका विज्ञान संस्थेच्या प्रमुख! निवृत्तीनंतरही ग्राहक चळवळीत राहून अन्नातल्या भेसळीवर त्या लिहीत राहिल्या. 1998 मध्ये त्यांचं निधन झालं.

आमच्या पांढुर्णा-सौसरकडे बी.एस्सी. झालेल्या मुलीला आजही विचारतात, बस झालं की, आता पुढे कशाला? अर्ज नाकारणारा संचालक आता नाही, पण हा प्रश्न आहेच. त्याला उत्तर कसं द्यायचं, हे मी कमलाबाईंकडून शिकले : वाद थोडा, काम जास्त; आणि दारात अडवलं, तर तिथून हलायचं नाही.