गुरूने नाही म्हटले, शिष्याने करून दाखवले

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असते. यंदा आम्ही सातासमुद्रापलीकडच्या एका गुरूची ओळख करून देत आहोत. बास्केटबॉलच्या जगात ‘फॉग’ अ‍ॅलन म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ म्हणजे डॉ. फॉरेस्ट क्लेअर अ‍ॅलन.

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८५ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात झाला. तरुणपणी पंचगिरी करताना त्यांचा आवाज जहाजाच्या भोंग्यासारखा घुमे, त्यावरून हे टोपणनाव पडले. कॅन्सस विद्यापीठात ते खेळू लागले तेव्हा तेथे प्रशिक्षक होते जेम्स नाइस्मिथ. १८९१ साली फळांच्या टोपल्या भिंतीला टांगून बास्केटबॉल हा खेळ जन्माला घातला, तेच हे नाइस्मिथ!

अ‍ॅलन यांना प्रशिक्षक व्हायचे होते. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे सांगून गुरूने त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, अशी आख्यायिका आहे. शिष्याने गुरूचा मान राखला, पण सल्ला मानला नाही. १९०७ मध्ये नाइस्मिथ यांच्याच जागी ते प्रशिक्षक झाले. दोन वर्षांनी ते काम सोडून ते ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडे-सांधे हाताने ठीक करण्याची विद्या शिकले. दुखावलेल्या खेळाडूंवर ते स्वतः उपचार करीत. १९१९ मध्ये ते कॅन्ससला परतले आणि पुढची ३७ वर्षे तेथेच राहिले.

गुरूचे ऋण मात्र ते विसरले नाहीत. बास्केटबॉलचा ऑलिम्पिकमध्ये समावेश व्हावा म्हणून त्यांनी अनेक वर्षे खटपट केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये तो झाला, तेव्हा वृद्ध नाइस्मिथ यांना तेथे पाठवण्यासाठी निधी उभारण्यातही अ‍ॅलन पुढे होते. आपण शोधलेला खेळ देशोदेशीचे संघ खेळताना नाइस्मिथ यांनी डोळ्यांनी पाहिला. तीन वर्षांनी ते निवर्तले. याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?

१९५२ मध्ये अ‍ॅलन यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी हेलसिंकीत सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात त्यांचे सात खेळाडू होते. १ मार्च १९५५ रोजी विद्यापीठाने त्यांच्या हयातीतच त्यांच्या नावाचे भव्य क्रीडागृह उघडले.

आणि मग आडवा आला नियम. सात फूट उंचीच्या विल्ट चेंबरलेन या असामान्य मुलाला अ‍ॅलन यांनी मोठ्या प्रयत्नांनी कॅन्ससला आणले होते. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेव्हा मुख्य संघातून खेळता येत नसे. ते वर्ष सरेपर्यंत अ‍ॅलन यांची सत्तरी उलटली होती. सत्तरीनंतर निवृत्ती सक्तीची होती. त्यांना मुदतवाढ हवी होती, ती मिळाली नाही. १९५६ मध्ये ते पायउतार झाले. पुढच्याच वर्षी चेंबरलेनचा संघ अंतिम सामन्यात, तीन वेळा वाढीव वेळ खेळून, अवघ्या एका गुणाने हरला. बाकावर अ‍ॅलन असते तर? या प्रश्नाला उत्तर नाही.

आम्ही सरकारी नोकर. नियत वयोमानानुसार होणाऱ्या निवृत्तीचे निरोप समारंभ आम्ही दरवर्षी पाहतो. खुर्ची सोडताना माणसाच्या मनात काय चालते, याची थोडी कल्पना आम्हाला आहे. नियम सर्वांना सारखा असावा, हे आम्हाला पटते. तरी ही हकीकत वाचून आम्हीही हळहळलो.

पण हिशेब तेथे संपत नाही. अ‍ॅलन यांच्या नावावर ७४६ विजय होते. तो उच्चांक पुढे त्यांच्याच शिष्याने, अ‍ॅडॉल्फ रप यांनी मोडला. रप यांचा उच्चांक १९९७ मध्ये डीन स्मिथ यांनी मोडला. तेही अ‍ॅलन यांचेच शिष्य! १६ सप्टेंबर १९७४ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी अ‍ॅलन यांचे निधन झाले.

शिष्याकडून पराभव व्हावा, अशी इच्छा गुरूने धरावी, असे आपल्याकडे मानतात. अ‍ॅलन यांच्या बाबतीत ते दोनदा खरे ठरले. विद्येची देवता असलेल्या गणरायाच्या मांडवात आज आमची मुले आमच्याकडून ढोलाचा ठेका आणि आरतीची चाल शिकत आहेत. उद्या ती आमच्याहून सरस वाजवोत, हीच बाप्पाचरणी प्रार्थना.