पाने तोलणारा पाळक : रेव्ह. स्टीफन हेल्स

सूर्यफुलाचे एक पान हाती घेऊन पाहा. त्याच्या दोन्ही पृष्ठांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांस पर्णरंध्रे म्हणतात. आंबा, सफरचंद यांसारख्या वृक्षांत ती पानाच्या खालच्या बाजूस असतात, म्हणून उन्हाचा थेट मारा त्यांवर होत नाही. उलट पाण्यावर तरंगणाऱ्या कुमुदाच्या पानास ती वरच्या बाजूस असतात, कारण त्याच्या खाली पाणी आणि वर हवा. या द्वारांतून वनस्पती हवा घेते व पाण्याची वाफ बाहेर टाकते. ही वाफ किती, हे तराजू घेऊन काटेकोरपणे शोधणारा मनुष्य एका खेडेगावचा पाळक होता, हे आपणांस ठाऊक आहे काय?

स्टीफन हेल्स यांचा जन्म १७ सप्टेंबर १६७७ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. केंब्रिज येथे धर्मशिक्षण घेताना त्यांस सृष्टिविज्ञानाचीही गोडी लागली. १७०९ साली ते थेम्स नदीकाठच्या टेडिंग्टन गावी पाळक म्हणून आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १७२० साली त्यांचा विवाह झाला. परंतु पुढच्याच वर्षी पत्नीचे निधन झाले. त्यांस अपत्य नव्हते.

प्रारंभी त्यांनी जिवंत जनावरांच्या रक्ताचा दाब मोजला. पण त्या कामाचा त्यांस उबग आला आणि ते त्यांनी काही वर्षे बाजूस ठेवले. पुढे एकदा अवेळी छाटलेल्या जुन्या द्राक्षवेलीतून रस गळू लागला. वेल मरेल या भीतीने त्यांनी त्या जखमेवर पातळ कातडी बांधली, तो ती रसाच्या जोराने फुगली! तेथून त्यांचे लक्ष वनस्पतींकडे वळले.

१७२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल कुंडीत घेतले, कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ते तोलले. दिवसाच्या बारा तासांत ते रोप सरासरी २० औंस, म्हणजे अर्धा किलोहून अधिक, पाणी हवेत सोडत होते. कोरड्या, उबदार रात्री ही घट तीन औंसांच्या आसपास असे. दव पडलेल्या रात्री ती मुळीच नसे. पाने काढलेली फांदी फारच थोडे पाणी ओढते आणि सदाहरित झाडे कमी पाणी सोडतात, हेही त्यांनी पाहिले. पाने हवेतून काही अन्न घेत असावीत, असा तर्कही त्यांनी केला. हे सर्व १७२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. उत्पत्तिकर्त्याने सारे काही संख्या, वजन व माप यांच्या प्रमाणात रचले आहे. म्हणून त्याची करणी जाणावयाची तर मोजणे व तोलणे हाच मार्ग, अशी त्यांची धारणा होती.

पुढे ते पुन्हा जनावरांवरील प्रयोगांकडे वळले आणि १७३३ साली त्यांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे शेजारी कवी अलेक्झांडर पोप यांस हे प्रयोग क्रूर वाटत. वाचकहो, हा आक्षेप आपण हलका मानू नये. ज्ञानासाठी मुक्या जिवाला किती दुखवावे, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

कोंदट हवा घातक असते, हे हेल्स यांनी जाणले होते. त्यांनी हवा खेळती ठेवणारी यंत्रे बनवली. ती जहाजांत व तुरुंगांत बसवण्यात आली. १७५२ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगावर पवनचक्कीने चालणारे असे यंत्र उभे राहिले. मद्यपानाविरुद्ध त्यांनी लेखणी चालवली. गावास शुद्ध पाणी मिळावे म्हणूनही ते झटले. विंडसर येथील मानाचे धर्मपद चालून आले असता त्यांनी ते टाळले. आपली मंडळी सोडावी असे त्यांस वाटले नाही.

४ जानेवारी १७६१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. टेडिंग्टनच्या मंदिराच्या मनोऱ्याखाली त्यांस पुरण्यात आले.

विज्ञान शिकणारी आपली मुले विश्वासापासून दुरावतील, अशी भीती काही पालकांस वाटते. अशा वेळी या पाळकाचे स्मरण करावे. एकाच कळपाची सेवा त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे केली, आणि त्याच काळात पानांचे रहस्यही तोलून पाहिले. आपल्या मुलांच्या हाती पवित्र शास्त्र द्या. तसेच एखादे पानही द्या, आणि ते नीट न्याहाळावयास शिकवा.